कपाळावरचे सहा हजार लुमेन

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पावसाळी भटकंतीला काय काय न्यावं याची यादी आपल्या पुरवणीत वाचली. रेनकोट, बूट, सुकामेवा यांवर दोन-दोन ओळी आणि शेवटी नुसतं ‘टॉर्च’. मी तेहेतीस वर्षं संगमनेरात गाड्यांचं इलेक्ट्रिक काम केलं. उजेडाची बोळवण एका शब्दात झालेली बघवली नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या डिसेंबरात पुतण्याला घेऊन कळसूबाईला गेलो होतो. सूर्योदय शिखरावर गाठायचा म्हणून बारी गावातून पहाटे तीनलाच चढायला लागलो. पुतण्याच्या कपाळावर नवाकोरा हेडटॉर्च, ऑनलाइन साडेचारशेला घेतलेला. खोक्यावर ठळक अक्षरांत ६००० लुमेन. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. “काका, तुमच्या जीपलासुद्धा नसेल एवढा उजेड!” नव्हताच. जीपच्या ६०/५५ वॅटच्या हॅलोजन बल्बचा अप्पर मारला तरी साधारण साडेसोळाशे लुमेन मिळतात. म्हणजे खोकं खरं मानायचं तर पोरगं जवळजवळ दोन जीपचे दिवे डोक्याला बांधून चाललं होतं. शिडीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा दिवा विझला. मिणमिणलासुद्धा नाही, एकदम काळोख. पुढची शिडी तो माझ्या उजेडात, माझ्या मागोमाग चढला.

घरी येऊन मी त्यातला सेल काढला. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, ज्याला १८६५० म्हणतात तो. वर छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचा आकडा. या मापाचा उत्तमातला उत्तम सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर भरला २९ ग्रॅम. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला तसलाच सेल माझ्याकडे होता, तो ४५. म्हणजे याच्या आत मालच कमी. आता हिशेब बघा. चांगल्या एलईडीला वॅटमागे शंभर लुमेन धरले, तरी सहा हजारांना साठ वॅट लागतील. खरा, भरलेला सेलसुद्धा एवढा भार दहा-बारा मिनिटंच ओढेल, आणि तेवढ्यात कपाळ भाजून निघेल ते वेगळं. खोक्यावरचा आकडा छापायला पैसे पडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

गडाच्या पायऱ्यांवर चालायला शंभर-दीडशे लुमेन पुष्कळ होतात. तंबूत भांडी घासायला वीस-तीससुद्धा. माझा हेडटॉर्च साडेआठशे रुपयांचा, जास्तीत जास्त दोनशे लुमेनचा. दुकानदाराला मी लुमेन विचारलेच नाहीत. उजेड भिंतीवर पाडून बघितला. पुढं-मागं सरकणारी झूमची काच असली की लांबवर झकास गोल पडतो, पण पायाजवळ ताटाएवढंच दिसतं आणि बाजूची दरी दिसत नाही. चालायला पसरट उजेड हवा. दिवा खाली झुकवता आला पाहिजे, नाहीतर पायरी बघायला मान मोडून चालावं लागतं. पावसासाठी खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलंय का बघावं. चारही बाजूंनी उडणारं पाणी सोसेल, एवढं त्यातून कळतं. पाण्यात बुडवायचा असेल तर आयपीएक्स ७ लागतो, पण हेडटॉर्च घालून कोण पोहतंय?

बरं, ‘चाळीस तास चालतो’ यातही मेख आहे. एएनएसआय एफएल-१ या टॉर्च मोजायच्या अमेरिकी प्रमाण पद्धतीनं मोजलेल्या दिव्यांतही उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे तास धरतात. म्हणजे चाळिसाव्या तासाला तुमच्या हातात दोनशेचे वीस लुमेन उरलेले असतात.

आता सेल. मी मुद्दाम तीन बारीक सेलवाला घेतला, जे टीव्हीच्या रिमोटला लागतात ते. आमच्या नव्या मंडळींना यूएसबीवर चार्ज होणारा आवडतो. एका रात्रीला तो सोयीचाच, वजनालाही हलका. पण दोन-तीन दिवसांच्या भटकंतीत पॉवरबँक संपली की तो नुसता पट्टा उरतो. रिमोटचे सेल पायथ्याच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. अल्कलाइन मिळाले तर उत्तम. साधे स्वस्तातले लवकर बसतात. सॅकमध्ये बटण आपोआप दाबलं जातं, म्हणून मी एक सेल बाहेर काढून ठेवतो. घरी परतल्यावर तिन्ही बाहेर, नाहीतर गळून आतल्या पट्ट्या खातात.

पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र त्या यादीत यायलाच हवी होती. ऑगस्टात हरिश्चंद्रगडावर रात्री धुकं उतरलं की कपाळावरचा दिवा उलटा वैरी होतो. उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांतच परत येतो, समोर नुसती पांढरी भिंत. तेव्हा दिवा काढून हातात, कमरेच्या खाली धरायचा. गाडीचे फॉगलॅम्प बंपरपाशी खाली बसवतात, ते याच कारणानं.

आणि लाल दिव्याची सोय असेल तर शंभर रुपये जास्त द्यायला हरकत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतात ते सगळं जातं. मेअखेरीस भंडारदऱ्याकडं सादडा, हिरडा, बेहड्याची झाडं काजव्यांनी लुकलुकायला लागतात, तेव्हा पाहुण्यांचे जथे कपाळावर हजारो लुमेन घेऊन झाडाखाली उभे असतात. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण म्हणून. ती खूण तुमच्या झोतात बुडते, आणि तुम्हालाही काजवे दिसत नाहीत ते नाहीतच. तिथं लाल दिवासुद्धा रस्ता बघण्यापुरताच लावावा.

आपला,
एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन, संगमनेर

ता. क. पत्राचा कच्चा मजकूर धाकट्या भावाला दाखवला. त्याला उसाला रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जावं लागतं. तो म्हणाला, “दादा, तुझा पसरट उजेड ट्रेकिंगवाल्यांना. मला बांधाच्या त्या टोकाला बिबट्याचे डोळे दिसले पाहिजेत.” त्याचं बरोबर आहे. त्याला मी लांब झोताचा वेगळा घेऊन दिलाय, बाराशे रुपयांचा. त्याचा सेल आधी काट्यावर ठेवून बघितला.