डबीवर काही लिहिलेलं नाही

चि. प्रणालीस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू किती खुशीत सांगितलंस, "आई, पार्लरवालीच्या क्रीमनं आठ दिवसांत तोंडावरचे डाग अर्धे गेले." मी काही बोलली नाही, कारण फोन स्पीकरवर होता अन् तुझ्या सासूबाई बाजूला होत्या. पण रात्री झोप लागली नाही. फोनवर तू अर्धं ऐकतेस अन् पोरगा रडला की पळतेस, म्हणून लिहायला बसली.

मलाही आठच दिवस लागले होते.

तुझ्या भावाच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर अन् वरच्या ओठावर वांगाचे डाग आले. तुझी आजी म्हणे, "बाळंतपणाचं हाये, जाईन आपोआप." काही बायांचे जातातही. माझे गेले नाहीत. त्यात कापूस वेचणी, दिवसभर तोंडावर ऊन. मग मेडिकलमधून ट्यूब आणली. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. आठ दिवसांत डाग फिके पडले, अन् महिन्याभरात तोंड असं उजळलं की वावरातल्या बाया विचारत, "काय लावतं व?" मी चौघींना तीच ट्यूब आणून दिली. त्याचं मला अजून वाईट वाटते.

लावली की उजळ. सोडली की चार दिवसांत आग, लाली, पुटकुळ्या, अन् डाग आधीपेक्षा काळा. म्हणून परत लावायची. अशी सहा वर्षं गेली. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव आली. चुलीपुढे बसणं होत नव्हतं. तू लहान होतीस, म्हणायचीस, "आई, तुये गाल लाल काऊन?"

शेवटी यवतमाळला कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडीचा वरचा थर काढणारं ट्रेटिनॉइन अन् मोमेटासोन. शेवटचं ते स्टेरॉइड. बाई म्हणाल्या, औषध खोटं नाही, वांगावर आम्हीही देतो. पण रात्री, फक्त डागावर, पातळ, थोडे आठवडे, अन् मग आम्ही सांगू तेव्हा बंद. मी ते पावडरसारखं तोंडभर फासत होती. स्टेरॉइडनं कातडी पातळ होते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर काहींना निळसर-काळा डाग पडतो, तो मग कशानंच धड निघत नाही. २०१८ मध्ये सरकारनं अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, तरी काउंटरवर नाव घेतलं की मिळतात.

पण माझ्या ट्यूबवर निदान अक्षर तरी होतं. तुझी डबी पार्लरवालीनं दिलेली. कंपनी नाही, तारीख नाही, आत काय ते नाही. अकोल्याची गोष्ट आठवते का? २०२३ मध्ये पेपरात आली होती. कॉलेजातली पोरगी, तिची आई अन् बहीण, तिघींनी पार्लरमधली क्रीम लावली अन् तिघींच्याही किडनीला सूज आली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपास झाला तेव्हा क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. पारा रंग उजळवतो खरा, पण कातडीतून आत जातो अन् किडनीवर बसतो. अन् तुझा पोरगा तर दिवसभर तुझ्या गालाला गाल लावून असतो.

तेव्हा आजपासून त्याला त्या क्रीमचा हात लागू देऊ नको, अन् तूही लावणं थांबव. थांबवल्यावर तोंड लाल होईल, आग होईल. घाबरून परत लावू नको, त्याच आठवड्यात कातडीच्या डॉक्टरकडे जा. डबी फेकू नको, सोबत ने. अंगावर पाजतेस हे आधी सांग. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन असल्या दिवसांत आपल्या मनानं लावायचं नसते. अझेलिक अ‍ॅसिडसारखं सौम्य औषधही असते, पण काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. कोणतंही नवं मलम आलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहायचं.

एक अजून विचार. आशाताईंनी दिलेल्या पाळणा लांबवायच्या गोळ्या माला-एन असतील तर त्यांतल्या हार्मोननंही वांग वाढू शकते. 'छाया' गोळीत तसे हार्मोन नसतात. आपल्या मनानं बंद मात्र करू नको, नाहीतर दुसरंच काही वाढून बसायचं!

अन् ऊन. मलम कितीही महाग आण, वर्ध्याच्या उन्हात उघड्या तोंडानं फिरलीस तर डाग परत येणारच. एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन सकाळी, अन् बाहेर असलीस तर दर दोन-तीन तासांनी. दोन बोटांवर मावेल एवढं लागते तोंडाला अन् मानेला, मोहरीएवढं लावून काय होते? थोडा रंग असलेलं मिळालं तर वांगाला ते जास्त बरं. वरून दुपट्टा. लिंबू अन् सोडा चोळू नको, कातडी भाजते अन् जास्त काळवंडते. डाग हळू जातील, महिने लागतील. माझे अजून थोडे आहेतच, तुझ्या बाबांना चष्मा लावूनही दिसत नाहीत.

रविवारी बाबा येत आहेत. पिशवीत तुरीची डाळ अन् मेथीचे लाडू आहेत, अन् खालच्या कप्प्यात माझी जुनी ट्यूब कागदात बांधून ठेवली आहे. तिच्यावरचं बारीक अक्षर वाच.

तुझी,
आई