बाकड्याची जागा मे महिन्यात ठरवा

मा. संपादक,

मार्चअखेर जवळ आला की मराठवाड्यातल्या शहरांत कॉलन्यांच्या मोकळ्या जागेत बाकडी अवतरतात. निधी खर्ची पडतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. एप्रिलात मात्र तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पारा चाळिशीपार गेल्यावर तापलेल्या ग्रॅनाइटवर बसणार कोण? ऊन उतरल्यावरही दगड बराच वेळ धग सोडतो.

बांधकामात हयात गेली, म्हणून सांगतो. जागा ऑफिसात नकाशावर ठरवू नका. मे महिन्यात दुपारी चारला तिथे उभे राहून ठरवा. त्या वेळी सूर्य पश्चिमेला असतो, सावली पूर्वेला. रस्ता दक्षिणोत्तर असेल तर पश्चिमेकडचा फुटपाथ निवडावा. इमारतींचीच सावली फुकटात मिळते. झाड असेल तर बाकडे खोडाच्या पूर्वेला ठेवावे. झाड कडुनिंबाचे किंवा करंजाचे असावे. गुलमोहर देखणा खरा, पण नेमक्या उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या फांद्या उघड्या पडतात. झाडाला पार बांधताना खोडापर्यंत कोबा घालू नये. दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिला होता. आपल्याकडे मुळात पाऊस तो किती, त्यातला मुळांपर्यंत मुरू द्यायला नको?

दुसरे म्हणजे, माणसे आधीच जिथे ताटकळत उभी असतात तिथे बाकडे हवे: दवाखान्यासमोर, मेडिकलजवळ, बँकेबाहेर, शाळेच्या फाटकाशी. आज म्हातारी माणसे दुकानाच्या पायरीवर टेकतात आणि दुकानदार त्यांना उठवतो. बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट असावी, पाठ असावी आणि दोन्ही बाजूंना हात असावेत. गुडघे दुखणाऱ्याला उठताना त्या हाताचाच आधार असतो. खर्च वाचवायला नेमके तेच गाळले जातात.

‘बाकडे ठेवले की टवाळखोर जमतात’ ही तक्रार दर वेळी येते. ती खोटी नाही. पण ते जमतात विजेच्या डीपीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. किराणा दुकानासमोर, दिव्याखाली बाकडे ठेवून पाहा. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष असते. बायका तर आपल्याकडच्या बाकड्यांवर दिसतच नाहीत. लांबलचक एकाच बाकड्याच्या टोकाला एखादा पुरुष बसला की त्या पुढे निघून जातात. त्याऐवजी दोन छोटी बाकडी काटकोनात ठेवावीत. पाठीशी भिंत असली तर उत्तम. समोरासमोर गप्पा होतात आणि रस्ताही नजरेत राहतो.

सौजन्याचे नाव घालायचेच असेल तर ते बाकड्याच्या मागच्या बाजूला घालावे. टेकायच्या जागी उठावाची अक्षरे असली की ती पाठीला रुततात.

– एक निवृत्त ओव्हरसियर, लातूर