आधी त्यांचं ऐकून तर घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

अमेरिकेतून लोकांना परत पाठवण्याच्या बातम्यांवर तुमच्याकडे वाचकांची जी पत्रं येतायत त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच आहे, की बेकायदा घुसले ना, मग हाकललं तर बिघडलं कुठे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. कुणाला ठेवायचं आणि कुणाला परत पाठवायचं हा पुढचा प्रश्न झाला, पण जो माणूस सांगतोय की मला परत पाठवलंत तर तिकडे मला जिवंत ठेवणार नाहीत, त्याचं आधी ऐकून घेतलंच पाहिजे, आणि हे ऐकून घेणं निवडणूक कोण जिंकलं यावर ठरता कामा नये. माझं सगळं भांडण एवढ्यासाठीच आहे.

आश्रय मागणं हा गुन्हा नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १४ हेच सांगतं, आणि १९५१ च्या जिनिव्हातल्या निर्वासित कराराचं कलम ३३ म्हणतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. त्याच कराराचं कलम ३१ फार कमी लोकांना माहीत असतं, त्यात लिहिलंय की जिवाच्या भीतीने थेट पळून आलेला माणूस विनापरवाना शिरला आणि त्याने लगेच येऊन तसं सांगितलं तर नुसतं शिरल्याबद्दल त्याला शिक्षा करायची नाही. का, तर सरळ आहे, ज्या सरकारपासून पळायचंय त्याच सरकारच्या पासपोर्ट ऑफिसात जाऊन तो रांग लावणार का? अमेरिका १९६८ मध्ये या व्यवस्थेत सामील झाली, १९८० मध्ये त्यांनी स्वतःचा निर्वासित कायदा केला, आणि त्यांच्या कायद्यात आजही स्पष्ट आहे की माणूस अधिकृत नाक्यावरून आला असो वा नसो, अमेरिकेच्या जमिनीवर असेल तर त्याला आश्रयाचा अर्ज करता येतो. म्हणजे "बेकायदा आला, विषय संपला" हे अमेरिकेच्या कायद्यातच बसत नाही.

हे नियम कुणाच्या दयेतून आलेले नाहीत. १९३९ मध्ये सेंट लुईस नावाचं जहाज ९३७ प्रवासी घेऊन निघालं होतं, बहुतेक सगळे ज्यू. क्यूबाने बहुतेकांना उतरू दिलं नाही, अमेरिकेने नाही, कॅनडानेही नाही, शेवटी जहाज युरोपला परत गेलं आणि त्यातले २५४ लोक नंतर मारले गेले. त्या वेळीसुद्धा प्रत्येक देशाकडे आपापले नियम आणि कोटे दाखवायला तयार होतेच.

आता २० जानेवारी २०२५ चं बघा. त्या दिवसापर्यंत मेक्सिकोत अडकलेल्या माणसाला आश्रय मागायचा एक अधिकृत रस्ता होता, सीबीपी वन नावाचं सरकारी ॲप, त्यात नाव घालायचं, रोज मोबाईल उघडून नंबर लागला का बघायचं, आणि तारीख मिळाली की ठरलेल्या नाक्यावर ठरलेल्या वेळी हजर व्हायचं. लोक महिनोनमहिने असे थांबलेले. ट्रम्प यांचा शपथविधी झाला आणि त्याच दुपारी ते ॲप बंद, सुमारे ३०,००० जणांच्या मिळालेल्या तारखा रद्द. सीमेवर आलेल्यांना आश्रयाचा अर्जच करता येणार नाही असा हुकूमही त्याच दिवशी निघाला. म्हणजे जे रांगेत उभे होते त्यांचीच रांग मोडली, आणि वर आपण इथे बसून म्हणतोय की कायदेशीर मार्गाने का नाही आले?

क्यूबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला या चार देशांच्या पाच लाखांहून जास्त लोकांचंही तेच झालं. अमेरिकेत कुणीतरी हमी घेतलेली, सगळी चौकशी झालेली, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून विमानाने आलेले, सरकारच्या परवानगीने आलेले लोक. सरकार बदललं आणि ती परवानगी मागे घेतली, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही खटला चालू असताना ते करू दिलं. कामावर जाणारा माणूस एका नोटिशीने बेकायदा ठरला, त्याने स्वतः काहीच केलेलं नसताना.

हे सगळं एकाच पक्षाने केलं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पूर्वी सीमेवर पकडलेल्या माणसाला तातडीने परत पाठवण्याआधी अधिकाऱ्याने स्वतःहून विचारायचं असा नियम होता, की परत जायची तुला भीती वाटते का? हो म्हणाला तर पुढची मुलाखत. जून २०२४ मध्ये बायडेन सरकारने हे विचारणंच बंद केलं, त्या नियमानुसार भीती असेल तर माणसाने आपणहून सांगायची, ओरडून, रडून, कशीही. दिवसचे दिवस चालून आलेली, भाषा न येणारी बाई, शेजारी पोरगं, समोर बंदूकवाला माणूस, तिला काय माहीत की ठरावीक शब्द आपल्या तोंडून बाहेर पडला नाही तर दार बंद होणार आहे. मला तर सगळ्या बदलांत हा सगळ्यात निर्दय वाटतो, कारण तो कुणाला दिसतच नाही.

आणि ज्यांना कोर्टापर्यंत पोचता आलं त्यांचं काय? इमिग्रेशन कोर्टातले जज हे स्वतंत्र न्यायव्यवस्थेचे नसतात, सरकारच्याच न्याय विभागाचे नोकर असतात. सरकारी बाजूला कायम वकील असतो, समोरच्याला मात्र सरकार वकील देत नाही, परवडत असेल तर आपला आपण करा, आणि हे लहान मुलांनाही लागू आहे. अर्जाचा फॉर्म १२ पानी, तो इंग्रजीतच भरायचा, आणि २०२५ पासून त्याला १०० डॉलर फीसुद्धा लावलीय. इतकं करून लोक तारखेला जातात, कारण कायदा सांगतो जा. मे २०२५ पासून तिथे नवीन प्रकार सुरू झाला, आत सरकारी वकील जजला सांगतो की ही केस बंद करा, माणसाला वाटतं सुटलो, बाहेर कॉरिडॉरमध्ये मास्क घातलेले एजंट उभेच असतात, कारण केस बंद झाली की त्याला तातडीच्या, म्हणजे जजसमोर न नेता करायच्या हद्दपारीत टाकता येतं. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझा या इमिग्रेशन कोर्टाच्या इमारतीतले असे व्हिडिओ जगाने पाहिलेत. कायदा पाळून जो तारखेला हजर झाला त्यालाच पकडायचं, मग बाकीच्यांनी यातून काय शिकायचं?

आपल्याकडच्या लोकांचंही सांगते. ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, पंजाब, हरियाणा, गुजरातचे बरेच, तिघे महाराष्ट्रातले. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यातले पुष्कळजण कामधंद्यासाठी एजंटला लाखो रुपये देऊन गेले होते, आणि आश्रयाच्या कसोटीवर त्यातल्या बऱ्याच जणांचे अर्ज टिकले नसते हे मला मान्य आहे. पण अर्ज फेटाळणं वेगळं आणि अर्ज करूच न देणं वेगळं, आणि ज्याच्यावर चोरीचा नाही की मारामारीचा गुन्हा नाही त्याला विमानात साखळीने बांधून बसवणं तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. आपल्या सरकारने संसदेत सांगितलं की बांधण्याची पद्धत २०१२ पासूनची आहे. जुनी आहे म्हणून ती बरोबर कशी होते?

कोणी म्हणेल, मग काय सगळ्या जगाला घ्यायचं का? नाही. चौकशी करा, ज्याची केस खरी नाही त्याला नाही म्हणा, सन्मानाने परत पाठवा. पण त्यासाठी जज लागतात. तिथे तीस लाखांहून जास्त केस पडून आहेत, आणि जुलै २०२५ च्या कायद्यात डांबून ठेवण्याच्या जागांसाठी ४५ अब्ज डॉलर ठेवलेत, जजची संख्या मात्र पुढे ८०० च्या वर जाऊ द्यायची नाही असंही त्याच कायद्यात लिहिलंय, वर त्याच वर्षी असलेले कित्येक जज काढून टाकले. केस लवकर निकालात निघाव्यात असं खरंच वाटत असतं तर पैसा असा वाटला नसता.

आणि श्रीमंत देश बुडाले असं जे चित्र आहे तेही खरं नाही. २०२४ च्या शेवटी जगात १२ कोटींहून जास्त लोक घरदार सोडायला भाग पडलेले होते, त्यातले निम्म्याहून जास्त आपल्याच देशाच्या आत. जे देशाबाहेर पडले त्यातले सुमारे ७३ टक्के लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी सांभाळलेत. दुसरीकडे अमेरिकेने २०२६ सालासाठी निर्वासितांची मर्यादा १,२५,००० वरून ७,५०० वर आणली, आणि त्यातही प्राधान्य दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांना. अमेरिकन सैन्याबरोबर काम केलेले अफगाण, ज्यांची सगळी तपासणी पूर्ण झाली होती, त्यांची विमानं मात्र रद्द झाली.

कोर्टं आहेत ना, ती बघतील, असंही म्हणतात. बघतात, जुलै २०२५ मध्ये एका फेडरल, म्हणजे स्वतंत्र न्यायव्यवस्थेतल्या जजने सीमेवरची आश्रयबंदी बेकायदा ठरवली. पण निकाल येईपर्यंत माणूस गेलेला असतो. मेरीलँडच्या एका माणसाला एल साल्वादोरला पाठवायचं नाही असा २०१९ चा जजचा आदेश होता, तरी मार्च २०२५ मध्ये त्याला तिथल्याच तुरुंगात नेऊन टाकलं, सरकारने चूक झाल्याचं कोर्टात कबूल केलं, सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तरी तो परत यायला जून उजाडला. त्याच्यामागे वकील होते, बायको लढली, पेपरवाले होते. बाकीच्यांच्या मागे कोण आहे?

म्हणून दोन गोष्टी मागते. आपल्या परराष्ट्र खात्याने पुढच्या प्रत्येक विमानाआधी दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मागावीत, यातल्या प्रत्येकाला भीतीबद्दल विचारलं का आणि आपल्या वकिलातीशी बोलू दिलं का. आणि तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी लोकांकडे नागरिकत्व आहे, भाषा येते, त्यांनी कोर्टात सोबत म्हणून जाऊन बसावं, न्यूयॉर्कमध्ये साधे नागरिक हे करतायत. मराठी, हिंदी, गुजराती, पंजाबी बोलणारं कुणी सोबत असलं तर केवढा आधार होईल.

आपली,
एक नियमित वाचक