दोडक्याची पाठ

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, त्यात स्पीकर लावता, आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं लिहूनच काढतेय. तुम्ही शनिवारी येताय, मी रविवारी हैदराबादला निघतेय आणि समीरची रात्रपाळी. म्हणजे आपला कुत्रा, दोडका, तुमच्याच ताब्यात.

त्याचं दुखणं सुरू झालं त्या रात्री जेवणं झाली, त्याने नेहमीसारखा पोळीचा तुकडा गट्टम केला. थोड्या वेळाने दिवाणाखालून निघता निघता असा काही केकाटला, की खालच्या काकू धावत वर आल्या. मग जागच्या जागी उभा. पाठीला पोक, मान खाली, अंगभर थरथर. हात लावू देईना. विंचू-इंगळी असेल म्हणून समीरने बॅटरी घेऊन दिवाणाखाली शोधलं. मी पंजे पाहिले, काटा नव्हता. कान पाहिले, गोचीड नव्हती. पोट मात्र टणक लागत होतं, त्यामुळे मला वाटलं, कुठलं तरी हाड गिळलंय. जरा शांत व्हायचा, की कूस बदलताना पुन्हा कळवळायचा. बघवत नव्हतं.

बाबा, तेवढ्यात तुमचा फोन आला की माझ्या दुखण्यावरच्या गोळीतली अर्धी त्याला दे. कृपा करून असं कधीच करू नका. आपल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाऊ शकते. पॅरासिटामॉल यकृतावर बेततं. शिवाय डॉक्टरांनी आता त्याला त्याचं वेगळं औषध चालू केलंय, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही.

सकाळी डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि लगेच म्हणाले, दुखणं पोटाचं नाही. पाठ दुखते म्हणून तो पोट आवळून धरतोय. मग एकेक मणका अलगद दाबत गेले. बरगड्या संपतात तिथे बोट आलं आणि दोडका ओरडला. नंतर त्यांनी मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. त्याने तो क्षणात सरळ केला. म्हणजे पायांपर्यंत संवेदना नीट पोचतेय. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण डॉक्टरांचा चेहरा सैलावला तसा माझाही जीव भांड्यात पडला.

रक्ततपासणीत गोचीडताप निघाला नाही, प्लेटलेट्स व्यवस्थित आहेत. एक्स-रेत हाडं ठीक आहेत, पण एक्स-रेत दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, दिसत नाही, तिला एमआरआय लागतो. पायातली ताकद जायला लागली तरच तो करायचा. म्हणून सध्या निदान ‘बहुधा’ एवढंच: मणक्यातली गादी सरकली असावी. या लांबुडक्या, बुटक्या डॅक्सहुंडांच्या गाद्या तरुणपणीच कडक व्हायला लागतात. उडी मारलीच पाहिजे असं नाही, नुसतं वळतानाही सरकते म्हणे.

आता खरी गोष्ट. औषधाने दुखणं थांबलंय आणि दोडक्याला वाटतंय आपण बरे झालो. आपण बरे झालेलो नाही. चार ते सहा आठवडे त्याला पिंजऱ्यातच ठेवायचंय. बाहेर काढायचं ते शी-शूपुरतं, पट्टा लावून, आणि गळपट्टा नाही, छातीचा हार्नेस. आई, तो तुझ्याकडे बघून असा चेहरा करेल की तुला अन्नाचा घास जाणार नाही. तरी दार उघडायचं नाही. ‘पाच मिनिटं माझ्याजवळ बसू दे गं’ हे तर मुळीच नाही, कारण तुझ्याजवळ म्हणजे दिवाणावर हे मला माहीत आहे. तेल लावून चोळायचंही नाही. आणि दूध-भाकरी बंद! साडेनऊ किलोचा झालाय, किलोभर तरी उतरवायला सांगितलंय.

बाबा, त्याला पुढच्या पायांखाली धरून वर घ्यायची तुमची सवय मोडा. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, भरलेली परात उचलतो तसा आडवा.

मागचे पाय लटपटले, पंजा फरफटायला लागला किंवा शू होईनाशी झाली तर माझ्या फोनची वाट बघू नका. तेव्हा तासांचा प्रश्न असतो. समीरला उठवा आणि थेट दवाखाना गाठा. नंबर फ्रिजवर लावलाय, रात्रीचा वेगळा आहे, तो लाल शाईत.

समीर स्वारगेटला घ्यायला येईल. आई, कंदी पेढे आणलेस तर वरच्या फळीवर ठेव. बाबांनाही सापडणार नाहीत असे.

तुमची,
मनू