शेतघर बांधलंत, आता पैऱ्यात या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राधानगरी-दाजीपूर रस्त्याला होम स्टे, फार्म स्टेच्या पाट्या वाढत आहेत. त्यातले बरेच मालक शहरातली नोकरी सोडून आलेले. चार खोल्या, घर चालण्यापुरती कमाई आणि निवांत जगणे, एवढीच त्यांची इच्छा. आमची पोरे कामासाठी शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडे जात असताना कुणीतरी गावात राहायला येते आहे, याचा मला आनंदच आहे.

आमच्या गावात असेच एक जोडपे आले. पहिल्याच पावसाळ्यात दोघे शेजाऱ्याच्या भातलावणीला चिखलात उतरले. रोपांची मूठ धरता येईना, ओळ वाकडी जाई. बायका हसल्या, पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेतात लावणीला आम्ही दहा-बारा जणी गेलो. याला आमच्याकडे पैरा म्हणतात. आज तुमच्यात, उद्या आमच्यात. मजुरीचा प्रश्नच नाही. तेव्हापासून त्यांच्या पाहुण्यांसाठी नाचणीच्या भाकरी आमच्या बचत गटातून जातात, दूध शेजारच्या गोठ्यातले. हंगामात ते पाहुण्यांना गुऱ्हाळावर नेतात. गूळ करणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ढेपेमागचे ते कसब समोर बघितल्यावर पाहुणा भावासाठी घासाघीस करत नाही. मध्यंतरी रात्री एका पाहुण्याला ताप भरला, तेव्हा गाडी शेजाऱ्यानेच काढली.

याच रस्त्याला दुसरी एक जागा आहे. तिथल्या तारेच्या कुंपणात आमची पाणंद, म्हणजे शेताकडे जायची वाट, गेली. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बायकांना लांबचा वळसा पडतो. भाजी बाहेरची, आचारी बाहेरचा, मालक कोण हेही कुणाला धड माहीत नाही. मे-जूनमध्ये काजवे बघायला लोक येतात आणि तिथे रात्रभर मोठे दिवे जळतात. काजव्याचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. लख्ख उजेडात ती दिसणार कशी? राधानगरी अभयारण्य 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. पाहुणे इथे येतात ते याच रानासाठी.

आम्हीही चुकतो. बाहेरचा दिसला की मजुरी दुप्पट सांगायची, जत्रेची वर्गणी त्याच्याकडून जास्त मागायची, हे गावाला शोभत नाही. अशाने चांगला माणूसही कुंपणाआड जातो.

राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, नोंदणीची सोय केली. माझी विनंती एवढीच, की अशी जागा सुरू करणाऱ्याने आधी ग्रामसभेत येऊन बसावे. पाणंद, विहिरीचे पाणी, कचरा आणि रात्रीचे दिवे यांबद्दल तिथेच समोरासमोर बोलून ग्रामपंचायतीने लेखी ठराव करावा. नंतर तंटा मिटवत बसण्यापेक्षा हे सोपे.

येत्या लावणीला या, असा निरोप आमच्या गटाने त्या कुंपणवाल्या मालकांनाही धाडला आहे. ते आले तर आम्हीही त्यांच्या शेतात जाऊ. पाणंद मात्र त्याआधी मोकळी व्हायला हवी.

आपली,
एक वाचक, ता. राधानगरी, जि. कोल्हापूर