तिसऱ्या मजल्यावरच्या मुला, तुझे मनापासून आभार

प्रिय मुला,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण तुझे आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत.

कळव्यात माझ्या घरी दहावीची शिकवणी चालते. पारसिकच्या उतारावरच्या वस्तीतून मुलं येतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर धड्याचा व्हिडिओ उघडतो, पण या मुलांच्या घरात फोन एकच आणि त्याचा दिवसाचा डेटा दुपारीच संपलेला. ऐन परीक्षेच्या तोंडावर आमचा राउटर बंद पडला. वायर थेट कॉम्प्युटरला लावली की तिथं नेट यायचं, पण एका स्क्रीनभोवती सगळ्यांनी बसायचं कसं?

याच कॉम्प्युटरवरून मुलांच्या फोनला वायफाय देता येईल का, असं मी ज्याला त्याला विचारत होते. नेटवाल्यानं महागडा प्लॅन गळ्यात मारायला बघितलं. दुकानातून आलेल्या माणसानं व्हिजिटचे पैसे आधी घेतले, खुर्चीवरही न बसता "असं काही नसतं बाई" म्हणाला आणि गेला. आणखी एकजण 'येतो येतो' म्हणत फोनच उचलेनासा झाला. मला माहीत नाही, एवढं म्हणाले असते तरी मी समजून घेतलं असतं. पण एकानंही त्या कॉम्प्युटरकडे धड बघितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तू ऐरोलीहून दमून आलास आणि बॅग खांद्यावरून न उतरवताच कामाला लागलास. कॉम्प्युटरला वायफाय जोडून देणारे सगळेच अ‍ॅडॅप्टर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे इतरांना वायफाय देणारे, होत नाहीत, आतली चिप आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, दोघांची साथ लागते, हे मला त्या दिवशी कळलं. आमचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सनं दाखवलेली, अ‍ॅडॅप्टरला काय काय जमतं याची यादी तू माझ्यापुढे धरलीस. तिच्यात 'एपी' (अ‍ॅक्सेस पॉइंट) ही अक्षरंच नव्हती. "बाई, हा नेट नुसतं घेतो, देत नाही," म्हणालास. तुझ्याकडूनही आधी नकारच मिळाला, पण कारणासकट. मग वर जाऊन स्वतःचा यूएसबी अ‍ॅडॅप्टर आणलास. त्याच्या यादीत एपी होतं. पुढे तू काय काय टाइप केलंस ते मला सांगता येणार नाही. फोनना नेटवर्कमधले पत्ते आता कॉम्प्युटरच वाटणार आणि त्यांचं येणंजाणं त्या एका वायरीवरून तोच चालवणार, एवढं मला समजलं.

माझ्या फोनवर नेट आलं तेव्हा कुणीही "झालं" म्हणून निघालं असतं. तू आतल्या खोलीत गेलास, लोखंडी कपाटाच्या पलीकडे, आणि सतरंजीवर मांडी घालून बसलास. उभ्यानं व्हिडिओ चालत होता, खाली नेला की अडकत होता. "मुली इथं खाली बसतात ना? मग इथंच चालायला हवा." अ‍ॅडॅप्टर टेबलाखाली भिंत आणि पत्र्याच्या बेचक्यात अडकला होता. तो लांब वायर लावून दाराच्या लाकडी चौकटीवर बांधलास. शेजारपाजारचे राउटर वायफायच्या 6 नंबरच्या चॅनलवर, म्हणजे एकाच वाटेवर, दाटले होते, म्हणून आपला 1 वर नेलास. वायफायच्या 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना भिंती जड जातात म्हणून 2.4 च ठेवलंस. आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा त्याच जागी खाली बसून बघितलंस. इस्त्रीच्या पँटला सतरंजीची धूळ लागली, तिकडे तुझं लक्षही नव्हतं.

तुला माहीत नसेल, पण त्या कोपऱ्यात बसणाऱ्या मुली घरची भांडीधुणी उरकून सगळ्यात उशिरा येतात. म्हणून त्यांच्या वाट्याला कायम तीच जागा. त्यांची अडचण त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती, मलाही नाही. ती तू त्यांच्या जागी बसून ओळखलीस. अशी माणसं अजून आहेत, आपल्याच जिन्यात भेटतात, याचा मला फार आधार वाटतो.

दुसऱ्या संध्याकाळी त्यातल्या एकीनं प्रकाशाच्या अपवर्तनाचा व्हिडिओ न अडकता शेवटपर्यंत पाहिला आणि लगेच वहीत किरणाकृती काढली. लंबाकडे वळणारा किरण तिनं बरोबर दाखवला होता.

अ‍ॅडॅप्टरचे पैसे तू घेतले नाहीस. मी ते पाकिटात घालून ठेवलेत. रविवारी जेवायला ये आणि तेवढे घेऊन जा, नाहीतर मी वर आणून देईन.

तुझी,
तळमजल्यावरच्या बाई