दत्ताची उपमा इथे बसत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ख्रिस्ती त्रैक्यावरचा (म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरचा) लेख वाचला, पण "आपल्या दत्तासारखंच, तीन तोंडं एक देव" म्हणून विषय उरकलाय ते पटलं नाही. मी बडोद्याचा, फतेहगंजचा मराठी ख्रिस्ती, सेव-उसळ खाताना मित्र मला हेच ऐकवतात. एकदा मीच ग्लासातला बर्फ दाखवून म्हटलं, बघा, पाणी, बर्फ, वाफ, तिन्ही एकच, आणि स्वतःवरच खूश झालो, तर आमचे पाळक साहेब म्हणाले अरे ही तर साबेलियसची शिकवण, एकच देव नुसती तीन रूपं घेतो म्हणणारी, चर्चने कधीचीच नाकारलेली! पाणी रूपं बदलतं, पिता, पुत्र, आत्मा मात्र एकाच वेळी तिघं, नुसती एकाची तीन तोंडं नव्हेत, म्हणून दत्ताची उपमाही बसत नाही.

दुसरं, ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या सभेत मतं घेऊन येशूला देव केलं असं छापलंय, तसं नाहीये. "शब्द देव होता" (शब्द म्हणजे येशूच) हे बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या खूप आधीपासून आहे. वाद एरियस नावाच्या धर्मगुरूचा होता, तो म्हणायचा पुत्र, म्हणजे येशू, थोर खरा पण देवाने निर्माण केलेला. सभेने पुत्र पित्याशी एकतत्त्व, म्हणजे पित्याइतकाच देव, ठरवला तरी भांडण मिटलं नाही, सभेची बाजू लढवणाऱ्या बिशप अथनासियसला तर पाच वेळा हद्दपार केलं, आणि पवित्र आत्माही देवच हा मुद्दा पक्का व्हायला ३८१ची कॉन्स्टँटिनोपलची सभा लागली. अर्थात एरियसवालेही बायबलच दाखवायचे, "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" (योहान १४:२८), त्यामुळे त्यांना वेड्यात काढून चालत नाही. त्रैक्य हा शब्द बायबलात नाही, हे मात्र लेखकाचं बरोबर आहे.

पुढच्या वेळी छापायच्या आधी एखाद्या पाळकांना फोन तरी करा ना.

एक वाचक, फतेहगंज, बडोदा